कान तुटला

फोंडा, श्रावण. रात्रीचे साडेदहा.

आज दुसरा कान तुटला. पाऊस नेमका थांबला होता म्हणून लादीवर 'टिक्' ऐकू आलं. कपाटाखाली गेला असावा.

कान हा माझाच शब्द. स्टीलच्या पातळ पत्र्यात, घरी जोडायच्या छोट्या विमानाचे सगळे भाग कोरलेले येतात. बारीक कटरनं एकेक सोडवायचा, त्याच्या कडेचे मिलिमीटरभर कान समोरच्या भागाच्या चिरेत घालायचे आणि पलीकडून पकडीनं आडवे करायचे. डिंक नको, डाग नको. वाचायला सोपं. मी मात्र पंधरा वर्षं फायली आणि कीबोर्ड यांपलीकडे हाताला काही शिकवलेलं नाही.

विमान राइट बंधूंचं. मे महिन्यात लेकीला बोगमाळोला, नौदलाच्या विमान संग्रहालयात नेलं होतं. सुपर कॉन्स्टेलेशनच्या मागच्या तीन उभ्या शेपट्या मोजून झाल्यावर तिनं विचारलं, "सगळ्यात पहिलं विमान खंय?" ते वॉशिंग्टनला. म्हणून हा खोका आणला. खोका तिचा, पण आठवड्याभरात तो माझा झाला हे कबूल करतो.

परवा तिनं बघितलं आणि म्हणाली, "पपा, तू उलटं जोडलंस." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ते विमान आहेच तसं. वर-खाली नेणारी आडवी पाती पुढे, सुकाणू मागे, पंखे पंखांच्या पाठीमागे आणि माणूस पालथा झोपलेला. इंजिन एकच, 12 अश्वशक्तीचं. सायकलीसारख्या साखळ्यांनी ते दोन पंखे फिरवायचं. त्यातली एक साखळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिढा घालून नेलेली, म्हणजे दोन्ही पंखे उलट दिशांनी फिरतात. सायकलीचं दुकान चालवणाऱ्यांनाच हे सुचणार!

आणखी एक गंमत. इंजिन उजवीकडे आणि वैमानिकापेक्षा जड, म्हणून त्यांनी उजवा पंख चार इंच लांब ठेवला होता. मी लगेच पट्टी घेऊन बसलो. खऱ्या विमानाची रुंदी 40 फूट 4 इंच, माझं वीतभरही नाही. हिशेबानं फरक येतो जेमतेम एक मिलिमीटर. माझ्या वाकवण्यातली चूकच त्याहून मोठी आहे, तेव्हा पट्टी ठेवून दिली.

पंखा बंद करून बसतो. 17 डिसेंबर 1903 ला त्यांची चार उड्डाणं झाली, पहिलं 12 सेकंद, चौथं 59. त्यानंतर विमान वाळूत उभं असताना वाऱ्यानं उलथलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. आमच्या छताच्या पंख्यावर माझा त्याहून कमी विश्वास आहे.

तर तो कान. चुकीच्या बाजूला वळवला, सरळ केला, परत वळवला, तुटला. पहिलाही असाच गेला होता. संध्याकाळी बाजारातल्या शेटांना, म्हणजे सोनारांना, पत्रा दाखवला. त्यांनी भिंग डोळ्याला लावून बघितलं आणि हसले. म्हणाले, बहुतेक धातू वाकवले की त्या जागी कडक होतात. सोनं असतं तर लाल तापवून मऊ करून दिलं असतं, पण हे स्टील, आणि एवढंसं. ह्याला एकदाच वळवायचं. मी विचारलं, तुमच्याकडूनही तुटतं का? "तुटतं की. पण आमचं वितळवता येतं."

तुटल्या जागी फेविक्विकचा थेंब लावला. एक थेंब पंखाला, एक माझ्या अंगठ्याला.

आईचं वेगळंच. चवथ पंधरा दिवसांवर आली, टेबल मोकळं हवं, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या रानातल्या फळाफुलांचं, सामान कुठे ठेवायचं? लेक म्हणते, विमानच माटोळीला बांधू. "माटोळीला रानातलं बांधतात बाय, लोखंड नाही," आईनं एका वाक्यात निकाल दिला.

निजण्याआधी लेकीनं टॉर्च घेतला आणि कपाटाखाली झाडू फिरवला. कान काही मिळाला नाही. मिळाली ती आईच्या कुडीची फिरकी, गेल्या चवथीत हरवलेली. आईनं ती पदराला पुसली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "राहू दे ते टेबल आणखी आठ दिवस."