नवं पुस्तक घेण्याआधी ही पानं उघडून बघा

कोल्हापुरात शाहू स्मारकात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की स्वयंपाक, बागकाम आणि घरसजावटीच्या नव्या पुस्तकांपाशी हमखास गर्दी असते. कागद गुळगुळीत, फोटो सुरेख आणि किंमत चांगलीच. अशा पुस्तकाची पारख फोटोंवरून होत नाही. आपल्या घरी जे काम दरवर्षी बिघडतं, त्याचं पान काढावं. तिथं मापं दिली असतील आणि काम का बिघडतं हे लिहिलं असेल, तर पुस्तक घ्यावं. कोल्हापूरच्या घरासाठी मी कोणती पानं काढतो, ते सांगतो.

स्वयंपाकाच्या पुस्तकात पहिलं पान चटणीचं. बाहेरचे लोक जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, ती आपली वर्षाची चटणी. तिथं ‘मीठ चवीनुसार’ असं लिहिलेलं दिसलं तर पुस्तक खाली ठेवा. भाजीत मीठ चवीनुसार चालतं, साठवणीत ते मोजूनच लागतं. माझं माप असं: देठ काढलेली मिरची एक किलो. त्यात ब्याडगी अर्धा किलो, जवारी संकेश्वरी पाव किलो आणि लवंगी पाव किलो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झणक्याला. तिखट कमी हवं असेल तर लवंगी काढून तेवढी ब्याडगी वाढवायची. कांदा एक किलो, सोललेला लसूण पाव किलो, आलं १०० ग्रॅम, सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, खसखस आणि जिरे ५०-५० ग्रॅम, खडा गरम मसाला सगळा मिळून १०० ते १२५ ग्रॅम, तेल पाव लिटर आणि खडे मीठ पाव किलो. मीठ तयार चटणीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं पडतं. त्याहून फार कमी केलं तर पावसाळ्यात बरणी दगा देते.

आता बिघडतं कुठं? बहुतेक वेळा कांद्यात. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. नुसता गुलाबी परतलेला कांदा चटणीत गेला की तो आतून ओल सोडत राहतो, आणि श्रावणात बरणीच्या तोंडाशी पांढरी बुरशी धरते. कांदा पातळ उभा चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा आणि मग थोडा थोडा घालून तेलात तळायचा. तो झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका, रंग फसवतो. एक काप गार होऊ द्या आणि बोटांत धरून मोडा. कट्‌कन तुटला तर झाला. वाकला तर आत पाणी आहे, परत कढईत घाला. लसूण-आल्याचंही तसंच, कडा सोनेरी होईपर्यंत परतायचं. काही घरांत लसूण कच्चाच घालतात. वास फार खमंग येतो, पण ती चटणी लहान बरणीपुरतीच करावी.

मिरची दोन दिवस उन्हात ठेवायची. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मोठ्या आचेवर भाजली तर काळवंडते आणि रश्शाला तो लालभडक तवंग येत नाही. खोबरं किसून मंद आचेवर बदामी रंगावर भाजायचं. आधी वाटीचा वास घ्या. खवट वाटी भाजून सुधारत नाही, सगळी चटणी खवट करते. डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, आधी मिरची, मीठ आणि कोरडे मसाले कुटून घ्यायचे; कांदा, लसूण, खोबरं शेवटच्या फेरीला. कुटलेली चटणी हाताला गरम लागते. तशीच बरणीत भरली की झाकणाखाली वाफ धरते आणि तिचे थेंब परत चटणीवर पडतात. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग दाबून भरा आणि वर हिंगाचा खडा ठेवा. हे एवढं सगळं एका पानात मावतं. ज्या लेखकाने ते लिहिलं नाही, त्याने एक तर चटणी केलेली नाही किंवा ती जूनच्या पुढे टिकवलेली नाही.

दुसरं पान पांढऱ्या रश्श्याचं. तिथं एकच गोष्ट बघा: नारळाचं दूध कधी घालायचं आणि आच किती, हे लिहिलंय का. अळणी पाणी (मटण शिजवलेलं पाणी), तीळ-खसखस-काजूचं वाटण आणि खडा मसाला आधी नीट उकळून घ्यायचा. दाट दूध शेवटी, आच मंद करून, एका दिशेने ढवळत घालायचं. कडेला बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद. खळखळून उकळी आली की दुधातला स्निग्धांश सुटा होतो आणि रस्सा फुटतो. फुटलेला रस्सा पुन्हा जुळत नाही.

बागकामाच्या पुस्तकांत माझी तक्रार मातीबद्दल आहे. कित्येक पुस्तकांत मातीचं मिश्रण थंड देशांतलं उचललेलं असतं. आपल्याकडे नदीकाठची माती काळी आणि पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी. काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र घातक. एप्रिलमध्ये ती आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं. वाटतं, झाडाला पोटभर पाणी मिळालं. प्रत्यक्षात मधला मातीचा गोळा कोरडाठाक असतो. तीच माती जुलैत पाणी धरून बसते आणि मुळं कुजवते. चार भाग तांबडी माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू घ्यायची, बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. साखर कारखान्यावरचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) स्वस्तात मिळतो आणि खत म्हणून चांगला असतो, पण ताजा वापरू नका. कुजताना तो तापतो आणि मुळं भाजतात. ढिगात हात घातल्यावर गार लागला आणि उग्र वास गेला असेल, तरच घ्या. उन्हाळ्यात कुंडीवर उसाच्या पाचटाचा दोन इंच थर घाला. एवढा सोपा उपाय आपल्या जिल्ह्यासारखा दुसरीकडे क्वचितच कुणाच्या हाताशी असेल.

वजनाचं पानही बघा. बारा इंची कुंडीत पंधरा लिटरच्या आसपास माती बसते आणि पावसात भिजली की ती कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते. वीस कुंड्या म्हणजे चारशे-पाचशे किलो. त्या गच्चीच्या मधोमध न मांडता तुळई आणि भिंतींच्या रेषेवर, विटांवर ठेवायच्या, म्हणजे खालून पाणी वाहतं राहतं. आणि गुलाबाची छाटणी: पाऊस पुरता थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. ओल्या हवेत छाटलेली फांदी वरून काळी पडत खाली सुकत येते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरका काप घ्या आणि कापाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा. साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

घरसजावटीच्या पुस्तकांत पडदे, दिवे, रंगसंगती भरपूर असते. मी फक्त भिंतीच्या ओलीचं पान शोधतो. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती आणि ऑगस्ट २०१९, जुलै २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंती, यांना त्या पानाशिवाय कुठलाही रंग टिकत नाही. परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवा जाणार नाही असा भिंतीला चिकटवा आणि पूर्ण एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल आतून येते. खोलीकडच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा. खिडक्या उघडल्या तरी पुरे. आतून ओल असेल तर आधी गळका पाइप, पागोळ्यांचं पाणी, पायाशी साचणारं पाणी शोधा. लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात आणि पुढच्या वर्षी रंगाच्या खपल्या काढून वर येतात.

पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला की दिवाळीपर्यंत जाड भिंत वाळत नाही. सणासाठी पांढरं करायचंच असेल तर यंदा चुना मारा. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते. प्लास्टिक पेंट फेब्रुवारीत मारा, आणि त्याआधी तो प्लास्टिकचा तुकडा त्याच जागी पुन्हा एक दिवस चिकटवून बघा.