शर्टाचं बटण

माझा धाकटा भाऊ ४९ दिवस तुरुंगात होता. त्याला बायपोलर आहे. कधी महिनोन्‌महिने अंथरुणातून उठवत नाही, तर कधी आठवडाभर डोळ्याला डोळा न लागताही उत्साह अंगात मावत नाही. लिथियम या मन ताळ्यावर ठेवणाऱ्या औषधावर अकरा वर्षं छान गेली. मग ‘आता बरा आहे मी’ म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. आम्हाला कळलं तोवर पाच रात्री तो झोपला नव्हता. सहाव्या दिवशी त्याने रस्त्यात एका अनोळखी माणसाच्या गाडीची काच फोडली आणि अडवायला आलेल्या त्या माणसाला मारलं. त्या माणसाला टाके पडले. त्याने तक्रार केली, ते बरोबरच होतं.

पहिल्याच दिवशी मी फाइल आणि गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन तुरुंगाच्या दारात गेले. पट्ट्या परत दिल्या, बाहेरचं औषध आत घेत नाहीत म्हणून. नियम मला समजतो. औषधाच्या नावाखाली काहीही आत जाऊ शकतं. पण मग तीच गोळी आतून त्याच दिवशी सुरू व्हायला हवी ना? मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच यायचे, त्यात मध्ये सुट्टी आली. गोळी सुरू झाली नवव्या दिवशी.

त्या नऊ दिवसांत तो रात्रभर गायचा, बोलायचा, बराकीतल्या सगळ्यांशी भांडायचा. म्हणून त्याला एकट्याला कोठडीत ठेवलं. ‘त्याच्याच सुरक्षिततेसाठी.’ संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेले नेल्सन मंडेला नियम मी नंतर वाचून काढले. दिवसाचे २२ तास किंवा जास्त, माणसांशी धड संपर्क नसताना कोंडून ठेवणं म्हणजे एकांतवास, असं त्यात आहे. तो सलग १५ दिवसांपुढे जाता कामा नये. आणि ज्याचा मानसिक आजार एकांतवासाने बळावेल, त्याला एकांतवास देऊच नये. वाचताना मला रडू आलं. म्हणजे हे कुणाला तरी ठाऊक होतं, लिहूनही ठेवलेलं होतं.

चौथ्या आठवड्यातली मुलाखत मी विसरू शकत नाही. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. त्याच्या हातात रिसीव्हर नीट धरला जात नव्हता. ‘ताई, जीभ जड झालीय,’ एवढंच तो ओढूनताणून बोलला. शर्टाची बटणं एकाआड एक लागलेली. मला वाटलं, औषधाने गुंगी आली असेल. मी निघाले तर तिथले एक वयस्कर शिपाई मागून आले. म्हणाले, ‘ताई, चार दिवस झाले, याला सकाळी बटण लावता येत नाही. आधी लावायचा. बाकीचे म्हणतात नाटक आहे. नाटक करणारा माणूस आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघतो. हा बघत नाही.’

लिथियम हा एक क्षार आहे आणि तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. अंगातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण चढतं. भावाला जुलाब होत होते, पाणी पोटात जात नव्हतं, डोस मात्र रोज पूर्ण. सुरू केल्यावर आठवड्याभरात जी रक्ततपासणी करायची असते, ती झालीच नव्हती. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.० पर्यंत ठीक असतं, १.५ च्या वर विषबाधेची भीती. त्याचं निघालं २.१. त्या शिपाईकाकांनी वरिष्ठांच्या मागे लागून त्याच संध्याकाळी त्याला दवाखान्यात हलवलं होतं, म्हणून कळलं तरी. त्यांना या औषधाचं नावही माहीत नव्हतं. काल जमत होतं ते आज जमत नाही, इतकं त्यांच्या लक्षात आलं होतं.

भाऊ तरी आरडाओरडा करणारा, दिसणारा. तोच सांगतो, बराकीत एक जण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. हजेरीला उठायचा, पुन्हा पडायचा. कुणाला त्रास नाही, म्हणून गुणी कैदी. २०१२ साली २४ देशांतल्या ३३,००० हून अधिक कैद्यांच्या पाहण्या एकत्र करून मांडल्या गेल्या, त्यात साधारण सातातल्या एकाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा तीव्र नैराश्य होतं. सत्तर जणांची बराक असेल तर दहा जण. त्यातले भिंतीकडे तोंड केलेले किती, हे मोजायला रोज बघणारं कुणीतरी लागतं.

जामीन झाला तो संध्याकाळी. सात वाजता तो बाहेर आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. गोळी नाही, चिठ्ठी नाही. दवाखान्यात डोस कमी केला होता हे त्याला आठवत होतं, किती ते आठवत नव्हतं. घरात जुन्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघत मी उभी. दिल्या तर पुन्हा विष चढेल, न द्याव्यात तर पुन्हा झोप उडेल. रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, ‘आज काही देऊ नका, सकाळी उपाशीपोटी रक्त द्या.’ ती रात्र मी त्याच्या खोलीच्या दारात बसून काढली.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा एक अभ्यास २००७ साली आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या १२.७ पट होता. अमली पदार्थांचा अतिडोस हे त्यातलं मोठं कारण. भावाला ते व्यसन नाही, पण ते दोन आठवडे मला नीट कळले. आत जाताना दारात उपचार तुटतो, बाहेर येताना त्याच दारात पुन्हा तुटतो. डोस लिहिलेला एक कागद आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या, एवढं हातात दिलं असतं तर?

गेल्या महिन्यात तारखेला कोर्टाच्या आवारात ते शिपाईकाका दिसले. भाऊ वकिलांबरोबर आत होता. मला ओळखून स्वतःच जवळ आले.

‘बटणं लावतो का आता?’

‘लावतो काका,’ मी म्हटलं. ‘सगळी लावतो.’