जर्मलचा चुरा

वैशाखातल्या दुपारी विदर्भातल्या कुठल्याही गावात स्लॅबवर चढलं की तीन गोष्टी हमखास दिसतात. जुन्या पातळावर वाळत घातलेल्या कुरोड्या, त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेला कावळा, आणि कावळा ज्यावर बसलाय तो टीव्हीचा अँटेना. दोन काड्या गळालेल्या, एक वानरानं वाकवलेली, चपटी वायर केव्हाच तुटलेली. त्याच्या पाइपाला आता कपड्यांची दोरी बांधतात. अँटेनाचं तोंड मात्र अजून तालुक्याच्या टॉवरकडेच आहे, जिथून आता काहीच येत नाही.

विषय खरं तर 'स्टार ट्रेक'चा आहे. अँटेनावरून तिकडे जायची वाट जवळची, कारण दोघंही जर्मलचे. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियम म्हणायला जीभ वळत नाही. पातेलं असो की काडी, जर्मलचं.

ही अंतराळयानाची मालिका अमेरिकेत 8 सप्टेंबर 1966 ला सुरू झाली. तीन सीझन, 79 भाग, आणि 1969 मध्ये बंद. तिची पोरंबाळं, नातवंडं अजून निघताहेत, पण मूळची ती एवढीच. दूरदर्शनवर ती ऐंशीच्या दशकात आली, रविवारी सकाळी, इंग्रजीतच. कळायची किती हा प्रश्न कुणी विचारत नसे. कॅप्टनचं नाव कर्क, म्हणजे रास कळली. दुसऱ्याचे कान टोकदार, म्हणजे माणूस ओळखला. तिसरा डॉक्टर, तो सारखा चिडलेला. एवढ्या भांडवलावर पाऊण तास आरामात जातो.

अडचण भाषेची नव्हतीच, अडचण काड्यांची होती. तालुक्याचा लघुशक्ती प्रक्षेपक 100 वॅटचा. त्याचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर, तोही मधे टेकडी नसली तर. म्हणून अँटेना उंच लागायचा: पंधरा-वीस फुटी जीआय पाइप, नाहीतर सरळ बल्ली. मधली दुहेरी वळवलेली काडी खरी कामाची, साधारण अडीच फुटांची. वायर तिलाच लागते. तिच्यामागे एक जरा लांब काडी आणि पुढे तीन-चार थोड्या-थोड्या आखूड. आखूड टोक टॉवरकडे, लांब काडी पाठीशी. हे उलटं बसवणारे प्रत्येक गावात एक-दोन निघायचेच, आणि मग सगळा दोष टीव्हीला. काड्या आडव्या हव्यात, कारण लहर आडवी येते. चपटी वायर पाइपाला चिकटवून किंवा टिनावरून लोळवत आणायची नाही. पाइपापासून दोन-तीन इंच सुटी ठेवायची आणि फुटाफुटावर एक पीळ द्यायचा. हे नाही केलं की चित्राला भूत लागतं, कर्कच्या मागे दुसरा कर्क उभा.

एवढं करूनही रविवारी सकाळी गच्चीवर एक पोरगा लागायचाच.

"काकाजी, दिसून राह्यलं का?"

"मुंग्याच हायेत. उगवतीकडे घे जरासा."

"आता?"

"आलं, आलं, आलं... गेलं ना बे!"

अंतराळयानावर हेच काम तिथला इंजिनिअर स्कॉटी करायचा. समोर फळी, तीन सरकते दांडे, हलक्या हातानं सरकवायचे आणि खाली अडकलेला माणूस हळूहळू दिसायला लागायचा. पाइप फिरवणाऱ्या पोराला स्कॉटीचं दुःख बरोबर कळत असणार. चित्र आलं की कौतुक टीव्हीचं, गेलं की शिव्या पोराला. जाता जाता, 'बीम मी अप, स्कॉटी' हे जगप्रसिद्ध वाक्य मूळ मालिकेत जसंच्या तसं एकदाही येत नाही. तरी म्हणून घ्या, स्कॉटीला चालेल.

खरी गंमत स्कॉटीच्या त्या यंत्राची, ट्रान्सपोर्टरचीच आहे. माणूस चकतीवर उभा राहतो, अंगभर चमचम होते, विरघळतो आणि खाली ग्रहावर उमटतो. ही कल्पना विज्ञानातून आली नाही, खर्चातून आली. दर आठवड्याला एवढं मोठं यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवायचं तर पैसा पुरेना. मग उतरायचंच नाही, माणसंच खाली सांडायची. काटकसरीतून निघालेली गोष्ट मूळ बेतापेक्षा सरस निघते, हे आदल्या दिवशीच्या भाकरीचा कुस्करा खाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि ती चमचम कशाची? जर्मलच्या चुऱ्याची. काळा पडदा, त्याच्यासमोरून अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड सोडायची, मागून झगझगीत उजेड मारायचा, आणि स्लो मोशनचा कॅमेरा उलटा टांगून ते टिपायचं. एरवी पूड खाली पडताना दिसली असती. कॅमेराच उलटा, म्हणून ती वर तरंगते. मग नट चकतीवर उभे असतानाचं एक चित्रण, ते बाजूला झाल्यावर त्याच जागी रिकाम्या चकत्यांचं दुसरं. कॅमेरा दोन्ही वेळा केसभरही हलता कामा नये. माणसाच्या आकाराचा मुखवटा कापून त्यात पूड भरायची, माणूस फिका करत न्यायचा, पूड तेवढी ठेवायची, शेवटी पूडही जाते. बस. विसाव्या शतकातलं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे भांडं घासल्यावर हाताला लागतं तसलं काहीतरी.

आता हे कृष्णधवल टीव्हीवर, चौदा इंची, मुंग्या आलेल्या पडद्यावर पाहा. कर्क चकतीवर उभा राहिला, अंगावर ठिपके नाचायला लागले, कर्क गेला. आता हा ग्रहावर गेला की सिग्नल गेला? एका क्षणापुरतं कुणालाच सांगता येत नाही. वरचा पोरगा सवयीनं पाइप फिरवतो, तेवढ्यात कर्क दगडांच्या मधे उमटतो, आणि काकाजींना वाटतं पोरानंच आणला. तिकडच्या रंगीत टीव्हीवाल्यांना ही मजा आलीच नसणार.

रंगांचंही तसंच. यानावर हुद्द्याप्रमाणे सदरे: कप्तानाच्या बाजूचे पिवळट, शास्त्रज्ञ आणि डॉक्टर निळे, इंजिनिअर आणि पहारेकरी लाल. कर्कचा पिवळा सदरा कापड म्हणून मुळात हिरवटच होता; दिव्यांत आणि फिल्मवर तो सोनेरी उतरला आणि मग सोनेरीच मानला गेला. लाल सदऱ्याचं तर जगभर ठरून गेलंय की, नाव माहीत नसलेला लाल सदरेवाला खाली उतरला तर तो काही परत येत नाही. चाहते हे आल्या-आल्या ओळखतात आणि हसतात. राखाडी पडद्यावर मात्र लाल काय नि निळा काय, दोन्ही वल्ल्या राखेसारखे. कोण मरणार ते आधी कळायची सोयच नव्हती. प्रत्येक पोरगा मरेपर्यंत जिवंतच वाटायचा. ही मालिका कृष्णधवलमध्येच बघावी, असं एक विक्षिप्त मत त्यामुळे बाळगता येतं. त्या टोकदार कानवाल्या स्पॉकचं रक्त हिरवं असतं हे तेवढं हुकतं. हुकू द्या.

'द एनिमी विदिन' नावाचा भाग 1966 च्या ऑक्टोबरातला. खाली ग्रहावर एक तंत्रज्ञ घसरून पडतो, त्याच्या अंगाला पिवळी माती लागते. माती चुंबकी. तो तसाच वर येतो आणि ट्रान्सपोर्टर बिघडतो. पुढचा माणूस वर येतो तो दोन होऊन: एक कर्क भला पण निर्णय न होणारा, दुसरा दांडगट. इकडे खाली यान हाकणारा सुलू आणि मंडळी गारठताहेत, रात्री पारा उणे 120 वर. फेजरनं, म्हणजे किरणांच्या बंदुकीनं, दगड तापवून शेकत बसतात. छोटं यान पाठवून त्यांना वर का आणत नाहीत, असा प्रश्न शहाण्या प्रेक्षकाला पडतोच. त्याचं उत्तर कथेत नाही. छोटं यान तेव्हा बांधूनच झालं नव्हतं. ते 1966 च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा दिसलं.

थोडक्यात, सगळं यंत्र ठीक आणि धूळ जोडावर. अँटेनाचंही दुखणं हेच. काडी जर्मलची, वायर तांब्याची, दोन्ही एका स्क्रूखाली आवळलेल्या. पहिल्या पावसात पाणी शिरलं की दोन धातूंची आपसात कुरबूर सुरू होते, जर्मल झिजतं आणि जोडावर पांढरा चुरा धरतो. वायर तुटलेली नसते, काडी हललेली नसते, टीव्ही नवा असतो, आणि तरी मुंग्या. लोक पाइप फिरवत बसतात. करायचं काय, तर खाली उतरवून स्क्रू काढायचा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासायची, वर बोटभर ग्रीस फासून परत आवळायचं आणि जोडावरच्या डबीचं झाकण खालच्या तोंडानं ठेवायचं. दहा मिनिटांचं काम. पोळ्याच्या आधी एकदा केलं की दिवाळी निघते.

दूरदर्शनचे ते टॉवर गेल्या काही वर्षांत बंद झाले. आता छत्री, तोंड आग्नेयेला, 36 हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे. तिला मुंग्या माहीतच नाहीत. चित्र असतं तोवर आरशासारखं, पाऊस दाटला की चौकोन-चौकोन होतात, मग निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. अर्धवट विरघळलेला माणूस त्यात बसत नाही.

त्या डॉक्टरला, मॅकॉयला, ट्रान्सपोर्टरचा मनापासून तिटकारा होता. माणसाचे कण-कण सुटे करून दुसरीकडे मांडले, तर तिकडे उभा राहिला तो हाच की त्याच्यासारखा दुसरा? यावर तिकडे रात्र-रात्र वाद घालणारे लोक आहेत. आपल्याकडे हा प्रश्न भंगारवाल्याच्या हातगाडीपाशी येतो. तो काड्या वाकवून पोत्यात कोंबतो, तराजूला लावतो, किलोमागे भाव सांगतो आणि जुन्या पातेल्यांसोबत टाकतो. पुढे सगळं एकाच भट्टीत.

पाइप मात्र कुणी देत नाही. दोन क्लॅम्प मारले की त्यावरच छत्री बसते, फक्त ओळंब्यात हवा.