का वाजवलंत ते गाणं?

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

‘मायगो’ या अ‍ॅनिमे मालिकेचा आठवा भाग आज पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी त्यातल्या सोयोचा इतका राग आला होता की पुढचा आठवडाभर मालिका उघडलीच नव्हती. आज राग आला नाही. पोटात नुसती कालवाकालव झाली, आणि झोप काही येईना म्हणून लिहायला बसले.

‘बँग ड्रीम’ या मुलींच्या बँडवरच्या जपानी मालिकांमधली ही 13 भागांची कथा. 2023 च्या जून ते सप्टेंबरमध्ये जपानात दाखवली गेली. टोकियोतल्या शाळकरी मुलींचा बँड. ‘मायगो’ म्हणजे जपानीत वाट चुकलेलं मूल. रंगीत केसांच्या, गोड चेहऱ्यांच्या मुली बघून मी हलकंफुलकं काहीतरी म्हणून लावली होती. पण पाचपैकी तिघी, म्हणजे गाणारी तोमोरी, ड्रमवाली ताकी आणि सोयो, आधीच्या एका बँडच्या फुटण्यातून अजून बाहेरच आलेल्या नाहीत, हे कळायला फार वेळ लागत नाही.

त्या बँडचं नाव क्रायशिक. त्यांचा एकच कार्यक्रम झाला. ‘हारुहिकागे’ नावाचं त्यांचं गाणं, वसंतातल्या कोवळ्या उन्हाचं, सगळ्यांच्या मनात घर करून बसलं. मग एका पावसाच्या दिवशी कीबोर्डवाली साकिको चिंब भिजून तालमीला आली आणि म्हणाली, मी सोडतेय. कारण सांगितलं नाही. बाकीच्या हादरून बघत असताना गिटारवाली मुत्सुमी म्हणाली की बँडमध्ये मजा येते असं तिला एकदाही वाटलं नाही. एवढंच. त्यावर कोणाला काही बोलताच येईना.

सोयो त्यातली बास वाजवणारी. तिच्यासाठी क्रायशिक संपलेलाच नाही. वर्ष उलटल्यावर आनोन नावाची उत्साही मुलगी नवा बँड काढायला निघते, तेव्हा सोयो तिला साथ देते. सगळ्यांना सांभाळून घेते, भांडण झालं की मध्ये पडते, चहा पाजते, गोड बोलते. आणि मनात हिशेब असा, की या बँडच्या निमित्तानं जुन्या पाच जणी एकत्र आल्या की आनोन आणि नव्यानंच आलेली गिटारवाली राना यांना बाजूला करायचं. दोघींना याचा पत्ताही नाही.

सातव्या भागात पहिला कार्यक्रम. ठरलेलं गाणं होतं, चांगलं झालं, आणि राना अचानक ‘हारुहिकागे’चे सूर छेडते. ताकी ड्रमवर साथ धरते, तोमोरी गायला लागते, टाळ्या पडतात. सोयोची बोटं बासवर चालतच राहतात, थांबणार कशी? पण चेहरा बघवत नाही. आणि प्रेक्षकांत मागे उभी असलेली साकिको रडत बाहेर पळते. आत आल्यावर सोयो ओरडते, का वाजवलंत ते गाणं? इतक्या भागांत तिचा आवाज कधी चढलेला नसतो.

आठव्या भागात ती साकिकोपुढे गुडघे टेकते. हात धरून गयावया करते, मला जमेल ते सगळं करीन, फक्त परत ये. साकिकोचं उत्तर साधारण असं, की दुसऱ्याच्या आयुष्याचं ओझं उचलण्याची तुझी तयारी आहे का, आणि तू फक्त स्वतःचाच विचार करतेस. शेवटच्या भागात साकिकोचं घर दिसतं, जुनाट खोली, दारू पिऊन पडलेले वडील, रिकामे डबे. तेव्हा कळतं की ती काय लपवत होती. पण सोयोला ते ठाऊकच नाही. तिला फक्त दार बंद झालेलं दिसतं.

तिचे आईवडील ती लहान असताना वेगळे झाले. त्याबरोबर आडनाव बदललं, घर बदललं. आई उशिरापर्यंत कामावर, आणि आईची काळजी ही पोरगीच घेते. म्हणजे घर मोडताना हिला कोणी विचारलंच नव्हतं. स्वतःहून जोडलेलं पहिलं घर तो बँड होता, आणि तोही तिला न विचारता मोडला. एवढं समजलं की तिचा गोडवा वेगळाच दिसायला लागतो. ती चांगुलपणाचं सोंग करत नसते. सगळे जागेवर राहावेत म्हणून ती जिवाच्या आकांतानं गोड वागत असते.

हे मला कसं कळलं, ते आज कबूल करते.

कॉलेजात आमचा पाच जणींचा भावगीतांचा ग्रुप होता. पेटीवर जी होती तिच्या चालीच वेगळ्या असायच्या. काळी चार पट्टीत तिनं बसवलेलं एक गाणं गॅदरिंगला इतकं रंगलं की नंतर महिनाभर कॅन्टीनमध्ये लोक गुणगुणत होते. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. एक मेसेज, ‘मला आता जमणार नाही.’ मी तिला किती फोन केले असतील! रागावून नाही हं, अगदी प्रेमानं. तिला काय झालंय हे मी एकदाही विचारलं नाही. कधी येतेस, एवढंच विचारत राहिले.

मग एक ज्युनिअर आली पेटीवर. हात फार हलका होता तिचा. मी तिला जुनी नोटेशनची वही दिली आणि म्हटलं, हिच्यासारखंच वाजव. वर्षभर तिला चहा मीच आणून द्यायचे, तिचं कौतुक मीच करायचे, आणि दर तालमीला दाराकडे बघत बसायचे. आनोनला आपली गरज नव्हती हे कळतं तेव्हा तिचा जो चेहरा होतो, तो मी पूर्वी पाहिलेला आहे. तो मी केला होता.

दहाव्या भागात तोमोरी एकटीच स्टेजवर उभी राहून कविता म्हणत राहते. आधी राना येते, मग एकेक जण. सोयो येते ती सगळं कायमचं संपवायला, आणि तोमोरी तिचा हात धरून तिला वर ओढते. कोणी कोणाला माफ केलं असं म्हणत नाही. सोयो नीट माफीही मागत नाही. ती वाजवते आणि रडते. त्यानंतरची तिरसट, तोंडावर बोलणारी सोयो मला जास्त आवडते, कारण आता ती कोणाला थोपवून धरत नाही.

भाग संपल्यावर माळ्यावरून ती वही काढली. निळ्या शाईतली नोटेशन्स, कडांना चहाचे डाग. त्या गाण्याच्या अंतऱ्यापाशी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘इथे मी थोडं वेगळं वाजवून बघू का?’

खाली माझं अक्षर. लाल पेन. ‘नको. आहे तसंच.’