दुसऱ्या भेटीची तजवीज

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना माझ्या वर्गातील एका मुलाला शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाने जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती. त्याला वाचता येत नसे आणि वाचायला उभे केले की तो थरथरत असे. आईने एका दिवसाची मजुरी बुडवून त्याला नेले, तेथे पुढची तारीख मिळाली आणि त्या तारखेला कोणीच गेले नाही. का गेले नाहीत, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. ती माझीही नाही, असे मी तेव्हा मानले, याची खंत मला अजून आहे.

मुलांच्या मानसिक आरोग्यसेवांच्या नियोजनाची चर्चा बहुधा तज्ज्ञांच्या अपुऱ्या संख्येपाशी येऊन थांबते. तज्ज्ञ अपुरे आहेत, हे खरेच. परंतु २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत स्वमग्नता, अतिचंचलता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे, १० ते १९ वयोगटासाठी २०१४ पासून किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर त्याही आधीचा, १९९६ चा आहे. योजना वेगळ्या, नोंदी वेगळ्या. एकीतून दुसरीकडे पाठवलेले मूल मात्र मधल्या वाटेवर हरवते.

गरजेचा अंदाजही उसनवारीचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले, पण सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणारी सरकारी सेवा मिळते. मात्र ज्या घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो, तेथील चौदा वर्षांच्या मुलीने तो कधी लावावा?

म्हणून जिल्ह्याचा आराखडा करणाऱ्यांकडे माझी मागणी लहान आहे. किती मुलांना चिठ्ठी दिली याबरोबरच किती मुले दुसऱ्यांदा आली, हेही दरमहा मोजावे; पुढची तारीख देताना परीक्षा आणि पालकांच्या मजुरीचे दिवस विचारात घ्यावेत; आणि तारीख चुकल्यास आठवड्याच्या आत आशाताईंनी घरी जावे, त्या फेरीचा मोबदला आराखड्यातच मंजूर असावा.