पॅसाडीनाच्या गल्ल्यांमधून: वासे, वळचण आणि आठ फुटांची पडवी

दादा-वहिनीकडे कॅलिफोर्नियात अर्वाइनला तीन आठवडे होते, बीच झाले, डिस्नीलँड झालं, पण मी पहिल्या दिवसापासून मागे लागले होते की मला एक दिवस तिथल्याच पॅसाडीना शहरात न्या, तिथली जुनी घरं बघायची आहेत. कारण भोरजवळ आमच्या घराचं काम जोत्यापर्यंत आलंय आणि एलिव्हेशन, म्हणजे घराची समोरची बाजू कशी दिसेल ते, काही ठरत नाहीये. डिझायनरने पाठवलेल्या थ्रीडी चित्रात समोरच्या भिंतीला दगडाचं क्लॅडिंग, म्हणजे वरून चिकटवलेल्या पातळ फरश्या, त्याच्यावर लाकडासारखी दिसणारी शीट, मोबाईलवर छान दिसायचं पण काहीतरी खटकत होतं आणि काय ते मला सांगता येत नव्हतं. क्राफ्ट्समन घरांचे, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या तिकडच्या लाकूड-दगडाच्या, हातकामाच्या घरांचे फोटो मी वर्षभर सेव्ह करतेय, म्हटलं ती समोर उभं राहून बघितली की कळेल.

सकाळी पहिलं गॅम्बल हाऊस. 1908 सालचं घर, चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या दोन आर्किटेक्ट भावांनी केलेलं, प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीवाल्या गॅम्बल कुटुंबासाठी, सिनसिनाटीचा हिवाळा चुकवून इकडे राहायला यायचे ते. 1966 मध्ये घरच्यांनी ते शहराला देऊन टाकलं म्हणून आज आपल्याला आत जाता येतं. ऑनलाइन बुकिंग करूनच जा, गाईडबरोबर साधारण तासाभराची टूर असते.

पण मी आत जायच्या आधीच अर्धा तास बाहेर उभी होते. पूर्ण घर रेडवूडच्या फळकुटांनी मढवलेलं, रंग शेवाळी हिरवट, त्यामुळे एवढं मोठं घर झाडांमागे अक्षरशः विरून जातं. आणि छपराची वळचण किती बाहेर! तिच्याखालून वासे सरळ बाहेर आलेत, एकेका वाशाचं टोक हाताने गोल केलेलं. झाकलेलं काहीच नाही, कुठली तुळई कशावर टेकलीय, वजन कुठून कुठे उतरतंय, सगळं खालून दिसतं. आजोळच्या घरात माजघरात आडवं पडून वर बघितलं की असंच दिसायचं, आढं, वासे, रिपा, कौलं. मला तिथेच उमगलं की थ्रीडीत काय खटकत होतं ते: त्यातलं लाकूड कशालाच धरून नव्हतं आणि दगडावर कसलाच भार नव्हता, दोन्ही नुसती चिकटवलेली.

अर्थात उघड्या वाशांना ऊन-पाऊस खावा लागतो. इथलीही टोकं कुजली होती, 2003-04 मध्ये बाहेरच्या सगळ्या लाकडाची मोठी दुरुस्ती करावी लागली. पॅसाडीनाच्या पावसात ही गत, मग भोरच्या पावसात काय होईल याचा विचार आधीच करायला हवा.

घरामागच्या उघड्या ओट्याची भिंत मात्र मी हात लावून बघितली. खाली अरोयो सेको नावाच्या ओढ्यातले गोटे, मोठे खाली, लहान वर, आणि मधेमधे वेड्यावाकड्या जांभळट-काळ्या विटा. भट्टीत जाळाच्या अगदी जवळ राहून जास्त भाजलेल्या, फुगलेल्या, काही तर एकमेकींना चिकटलेल्या. तिकडे त्यांना क्लिंकर म्हणतात, वाजवली की खणखणते म्हणून. आपल्याकडे वीटभट्टीवर हीच खंगर, आणि ती बाजूला टाकतात नाहीतर भरावात जाते. इथे ती निवडून निवडून दर्शनी भिंतीत बसवलीय आणि गोट्यांमध्ये इतकी शोभते!

दुपारनंतर बंगलो हेवन. नावच तसं आहे, मॅकडॉनल्ड पार्कच्या आजूबाजूच्या गल्ल्या, आठशेच्या वर घरं, बहुतेक 1900 ते 1930 च्या दरम्यानची. आणि बंगलो हा शब्द आपल्याच इकडचा बरं का, बंगाली पद्धतीचं एकमजली ओटीवालं घर म्हणजे बंगला, इंग्रजांनी उचलला आणि फिरत फिरत कॅलिफोर्नियात पोचला. 1989 मध्ये शहराने हा भाग लँडमार्क, म्हणजे जपायचा वारसा, जाहीर केला, तेव्हापासून रस्त्यावरून दिसणारा मोठा बदल करायचा तर आधी मंजुरी लागते. ही घरं श्रीमंतांची नव्हती, शिक्षक, कारकून, दुकानदार अशांची, आणि म्हणूनच मला गॅम्बल हाऊसपेक्षा इथे जास्त शिकायला मिळालं.

एका घरापुढे मी खांबांचा फोटो काढत होते तर पोर्चमधल्या आजींनी हाक मारून वरच बोलावलं. त्यांच्या आधीच्या मालकाने कधीतरी खांब प्लास्टरच्या पेटीत बंद केले होते, यांनी ते फोडून मूळचे बाहेर काढले. खाली गोट्यांचा चौकोनी ओटा, वर निमुळता होत जाणारा, आणि त्याच्यावर आखूड जाडजूड लाकडी खांब. मी विचारलं दगड इतक्या उंचीपर्यंत कशाला, तर म्हणाल्या लाकूड ओल्या जमिनीला लागता कामा नये, वाळवी आणि कूज दोन्हीसाठी. म्हणजे आपल्या वाड्यातला खांबाखालचा दगड, तळखडाच की हा! आपला वीतभर, यांचा कमरेएवढा, काम तेच.

मग त्यांनी पोर्च पुढून मागे किती आहे ते मोजून दाखवलं, आठ फूट. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे छोटं टेबल, आणि तरी मागून माणूस आरामात जातो. चार फुटांचा पोर्च असेल तर तिथे फक्त चपला राहतात, हे त्यांचं वाक्य मी तिथेच फोनमध्ये लिहून घेतलं. आमच्या प्लॅनमध्ये पडवी साडेचार फूट आहे.

परतताना दादाने गाडी शेजारच्या अल्टाडिना गावावरून घेतली. 2025 च्या जानेवारीत ईटन नावाचा वणवा लागला त्यात 9 हजारांवर इमारती गेल्या, अशी कितीतरी जुनी घरं त्यात होती. कितीतरी रिकामे प्लॉट दिसले, एका ठिकाणी फक्त फायरप्लेसची चिमणी (धुराडं) उभी. अशा काही फायरप्लेसवर अर्नेस्ट बॅचेल्डर यांच्या कारखान्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या टाइल्स होत्या, त्या पाडकाम व्हायच्या आत स्वयंसेवकांनी जाऊन एकेक सोडवून घरमालकांसाठी जपून ठेवल्या. गाडीत कोणी बोललं नाही बराच वेळ. लाकडाच्या भिंती आणि उघडी वळचण ठिणग्यांना आत घेते, हेही या घरांचं खरं आहे, आणि भिंतीला लाकूड लावायचा विचार मी तिथेच सोडला.

छपराचा उतारही तिकडच्यासारखा घ्यायचा नाही, तिकडे पाऊस कमी म्हणून उतार अगदी कमी दिलेला चालतो, आपल्याला चांगला उभा उतार आणि कौलंच हवीत. वळचण मात्र तेवढीच बाहेर हवी, उन्हाळ्यात वरचं ऊन भिंतीवर येत नाही, थंडीत खाली आलेला सूर्य घरात येतो, आणि आपल्याकडे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील.

रात्री नवऱ्याला फोन केला, तिकडे सकाळचे नऊ वाजले होते आणि तो साइटवरच निघाला होता. म्हटलं क्लॅडिंगची ऑर्डर थांबव, त्या पैशात गवंड्याला नदीतल्या गोट्यांऐवजी आपला काळा दगड खांबांखाली बांधायला सांग, खराखुरा भार घेणारा, आणि भट्टीवाल्याला विचार खंगर किती पडून आहेत. तो म्हणाला बरं, आणखी काही? म्हटलं पडवी आठ फूट. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला समोरचं आंब्याचं झाड आड येईल, साडेसात बसतंय का बघतो.