कणकुंबीचा पाऊस आणि दोन समुद्र

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की वाटेत कणकुंबी लागतं. मलप्रभेचा उगम इथलाच. ती पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडते, कूडलसंगमला कृष्णेत मिसळते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्र गाठते. डोंगर एक, पाऊस एक. पण दोन्ही समुद्रांचं खारेपण वेगळं, म्हणून त्यांचा स्वभावही वेगळा.

घाट उतरून साखळीवरून आम्ही रायबंदरच्या फेरीधक्क्यावर आलो. खारेपण मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपण दाखवणारी छोटी नळी, पुरतो. आधी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाकून रेषा शून्यावर आणायची, काच पुसायची, मग नदीचं पाणी. डोळा लावला की वर निळं, खाली पांढरं दिसतं. या दोहोंमधली सीमा मोजपट्टीवर जिथे येते तो आकडा. झाकणाखाली बुडबुडा राहिला किंवा यंत्र उन्हात तापलं, तर वाचन चुकतं.

नुसतं वरचं पाणी भरू नका. गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि भरतीचं खारं तळातून आत सरकतं. बाटलीला वजन बांधून ती बूच लावून खाली सोडायची आणि तळाशी गेल्यावर दुसऱ्या दोरीने बूच ओढायचं. भरती-ओहोटीची वेळ टिपली नाही तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

खुल्या समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मांडवीच्या मुखाशी ऐन पावसाळ्यात वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं, तर मे महिन्यात खारं पाणी नदीत खूप आतवर चढतं. तिसऱ्या आणि कालवं हे शिंपल्यातले जीव हा बदल शिंपला घट्ट मिटून सोसतात. पण मिटल्या शिंपल्यात खाणंही बंद, श्वासही बंद. गोडं पाणी लांबलं की ती मरतात. जिताडा माशाला दोन्ही पाणी चालतं. खाऱ्यात तो पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्यात त्याच कल्ल्यांनी मीठ आत ओढतो.

अरबी समुद्रात पावसापेक्षा वाफ जास्त होते, म्हणून तिथे खारेपण किलोमागे ३६ ग्रॅमच्या आसपास. उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी येतं. उत्तर भागात पावसाळ्यानंतर आकडा ३० च्याही खाली जातो. हा हलका थर झाकणासारखा बसतो. खालचं गार पाणी वाऱ्याने वर येत नाही, पृष्ठभाग तापलेला राहतो आणि चक्रीवादळांना उष्णता मिळत राहते. पोषकद्रव्यंही खालीच अडकतात, त्यामुळे तिथलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अरबी समुद्राच्या मानाने कमी.

सगळ्यात मोलाची गोष्ट पुढे आहे. हिवाळ्यात किनारी प्रवाह उपसागराचं हे कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळकडे आणतो. त्यात कृष्णेचा, म्हणजे मलप्रभेचाही, धरणांतून सुटेल तेवढा बारीक वाटा असतो. या थरामुळे आग्नेय अरबी समुद्र मोसमी पावसाच्या तोंडावर अधिक तापतो. त्यावर नजर ठेवायची असेल तर समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडची आर्गो तरंगकांची, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित यंत्रांची, माहिती पाहावी. हे तरंगक साधारण दहा दिवसांतून एकदा २००० मीटर खोलीवरून वर येताना तापमान आणि खारेपण मोजतात.